पोलीस खात्यात नवीन तंत्रज्ञानाला प्रोत्साहन कसं द्यावं?

प्रोत्साहनाचं नंतर बघू. आधी जो काही करून दाखवतो त्याला मेमो देणं थांबवा.

यवतमाळ जिल्ह्यात 28 वर्षं नोकरी करून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. 2011 ची गोष्ट. ठाण्यामागच्या कडुनिंबाखाली जप्तीच्या 63 मोटरसायकली सडत होत्या, चाकांतून गवत वर आलेलं. नंबर प्लेटा खोट्या, पण चेसिस नंबर बऱ्याच गाड्यांचे शाबूत होते. रात्रपाळी सुटली की मी रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचो. गंज निघाला की वरून खडू घासायचा, आकडे पांढरे उमटतात. पोराच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये यादी केली, आजूबाजूच्या ठाण्यांतल्या ओळखीच्यांकडून चोरीच्या गाड्यांचे नंबर फोनवर घेतले आणि जुळवत बसलो. 9 मालक सापडले. त्यातला एक वर्धा जिल्ह्यातला कापूसवाला शेतकरी. 14 महिने त्याची गाडी आमच्याकडे पडून, आणि तो पायी वावरात जात होता. कोर्टाचा आदेश घेऊन आला तेव्हा नुसता सीटवरून हात फिरवत उभा राहिला.

ठाणेदारांनी विचारलं, "काऊन रे, खात्याची माहिती घरी नेतं?" मेमो हातात. जप्त मालाचं रजिस्टर सांभाळणारे मुद्देमाल मोहरर म्हणाले, "रजिस्टर बापजाद्यापासून चालू हाये, तुह्या डब्ब्यानं काय होते?" ठाण्याठाण्यांची माहिती जोडणाऱ्या सीसीटीएनएस या कॉम्प्युटर यंत्रणेला केंद्रानं 2009 मध्येच मंजुरी दिली होती. आमच्याकडे मात्र तेच काम गुन्हा ठरलं.

आता दिवस बदलले, हे खरं. 2024 मध्ये नागपुरात पोलिसांसाठी एआयचं काम करणारी 'मार्वल' ही सरकारी कंपनी उभी राहिली. 2025 च्या ऑगस्टमध्ये देवलापारकडे धडक देऊन पळालेला ट्रक नागपूर ग्रामीण पोलिसांनी 36 तासांत शोधला. हाती धागा एवढाच, की ट्रकवर लाल खुणा होत्या. सीसीटीव्हीचं चित्रण एआयनं चाळलं. ही बातमी मी घरच्यांना दोनदा वाचून दाखवली.

पण असं डोकं चालवणारा शिपाई खेड्यातल्या ठाण्यातही असतो. त्याला सहा महिने बंदोबस्तातून मोकळं करा. सर्व्हिस शीटला नोंद घ्या. साहेब बदलला तरी काम थांबणार नाही असा लेखी आदेश काढा. माझी यादी बदलीसोबतच संपली.

खात्याची माहिती खाजगी लॅपटॉपवर ठेवणं चूकच होतं, तसं कोणी करू नये. पण ठाण्यातला कॉम्प्युटर तेव्हा कापड टाकून झाकलेला असायचा, हात लावायची सोय नव्हती.

आणि मोहरर साहेब, वाचत असाल तर ऐका. रजिस्टर बंद करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. त्या शेतकऱ्याची गाडी तुमच्या रजिस्टरात खोट्या प्लेटच्या नंबरानं चढली होती. खरा नंबर मी गंज खरवडून काढला.