अनुभवी गार्ड आणायचा, पण कोणता? एनबीए ट्रेडवरचे वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे) : आमच्या ग्रुपमध्ये २०२१ च्या उन्हाळ्याचा वाद अजून मिटलेला नाही. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्सनी ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) रसेल वेस्टब्रूक हा गार्ड (बॉल हाताळणारा, बाहेरून खेळणारा खेळाडू) घेतला. एक जण म्हणतो बडी हील्ड घ्यायला हवा होता, दुसरा म्हणतो त्याच वर्षी मार्चमध्येच काइल लाउरीला आणायचं होतं. माझं मत, निर्णय बरोबर होता, नशीब फुटकं निघालं. निकाल तुम्ही द्या.

उत्तर : नशिबाचा वाटा होता, हे मान्य. २०२१-२२ मध्ये लेब्रॉन ५६ सामने खेळला आणि अँथनी डेव्हिस ४०. असं झाल्यावर कोणताही संघ लंगडतोच. पण ३३ विजय, ४९ पराभव हा हिशेब नुसत्या दुखापतींनी जुळत नाही.

वेस्टब्रूक त्याआधीच्या मोसमात वॉशिंग्टनकडून सरासरी ट्रिपल-डबल (तीन प्रकारच्या आकड्यांत दहा किंवा अधिक) करून आला होता. ते आकडे खरेच होते, पण बॉल सतत त्याच्या हातात असताना जमलेले. लेकर्सकडे बॉल लेब्रॉनच्या हातात असणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मग वेस्टब्रूक उभा कुठे राहणार? कोपऱ्यात. आणि त्याचा थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) त्या मोसमात ३० टक्क्यांच्या आतच राहिला. त्या काळातला कुठलाही सामना काढा आणि बॉल सोडून वेस्टब्रूकला अडवणाऱ्या माणसाकडे बघा. तो त्याच्यापासून चांगला दहा-बारा फूट लांब, एक पाय पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) टाकून उभा असतो. लेब्रॉन आत शिरला की समोर त्याचा स्वतःचा डिफेंडर, सेंटर आणि वर हा तिसरा. डेव्हिसला पोस्टमध्ये बॉल दिला तरी तीच गर्दी.

दुसरं, मोबदल्यात काय गेलं ते बघा. कुझमा, काल्डवेल-पोप, हॅरेल आणि ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) २२ वा पिक (निवडीचा हक्क). तीन मधल्या पगारांचं एकाच ४.४२ कोटी डॉलरच्या पगारात रूपांतर झालं. मधले पगार ही ट्रेडची सुटी नाणी असतात आणि ती एकदा मोडली की पुढे किरकोळ दुरुस्तीलाही काही उरत नाही. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलेक्स करूसो चार वर्षांच्या सुमारे ३.७ कोटींवर शिकागोला गेला. २०२० चं विजेतेपद डिफेन्सवर मिळालं होतं आणि तोच डिफेन्स दोन महिन्यांत पांगला.

हील्डचा सौदा त्या वेळच्या बातम्यांनुसार कुझमा आणि हॅरेल यांच्यावर जवळपास ठरला होता. म्हणजे काल्डवेल-पोप राहिला असता. (२०१९ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज वरळीच्या डोममध्ये खेळायला आले, तेव्हा हील्ड त्याच संघात होता. मुंबईकर वाचकांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.) डिफेन्समध्ये तो कच्चा आहे, पण थ्री जवळपास ४० टक्के आणि बॉल हातात नसला तरी त्याचा माणूस त्याला सोडून हलू शकत नाही. लाउरीचा सौदा मार्चमध्ये हॉर्टन-टकरवर अडल्याचं छापून आलं होतं. लाउरी त्या ट्रेड डेडलाइनच्याच (ट्रेडच्या शेवटच्या मुदतीच्या) दिवशी ३५ वर्षांचा झाला आणि त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता, म्हणून लेकर्स कचरले. पण ज्या हॉर्टन-टकरला त्यांनी जपलं, तोच पुढच्या वर्षी पॅट्रिक बेव्हर्लीच्या बदल्यात युटाला गेला.

आमचा निकाल : मार्चमध्ये लाउरी, उन्हाळ्यात हील्ड. वेस्टब्रूक दोन्ही वेळेला नाही. ‘निर्णय बरोबर’ या तुमच्या मताला आमचं मत मिळणार नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : ‘अमुक दोघं द्या आणि तमुक गार्ड घ्या’ असं आम्ही रोज मांडतो आणि कुणीतरी ‘पगार जुळत नाहीत’ म्हणून खोडून काढतो. जुळवायचे कसे, ते पायरीपायरीने सांगाल का?

उत्तर : आधी संघ कुठल्या रेषेच्या वर आहे ते बघा. २०२५-२६ साठी सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) सुमारे १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्सची रेषा (तिच्या वर दंडकर) १८.७९ कोटी, आणि त्यावरच्या, ट्रेडवर निर्बंध आणणाऱ्या दोन रेषा : पहिला एप्रन १९.५९ कोटी आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटी. कॅपच्या खाली जागा असेल तर प्रश्नच मिटला, पण गार्ड शोधणारे बहुतेक संघ टॅक्सच्या आसपास असतात.

पहिल्या एप्रनच्या खालचा संघ दिलेल्या पगारापेक्षा जास्त पगार परत घेऊ शकतो. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०२३ च्या कराराचे मूळ आकडे घ्या. ते दरवर्षी कॅपबरोबर थोडे सरकतात. ७५ लाखांपर्यंतचा पगार दिला, तर दुप्पट अधिक अडीच लाख. त्याच्या वर सुमारे २.९ कोटींपर्यंत, दिलेला पगार अधिक ७५ लाख. त्याही वर सव्वापट अधिक अडीच लाख. म्हणजे १.८ कोटींचा खेळाडू दिला, तर २.५५ कोटींचा गार्ड बसतो. ६० लाखांचा दिला, तर १.२२५ कोटींपर्यंत. ३.६ कोटींचा दिला, तर ४.५२५ कोटींपर्यंत.

इथे एक मेख आहे. दिल्यापेक्षा एक डॉलर जरी जास्त घेतला, तरी त्या मोसमापुरता पहिला एप्रन ही तुमची पक्की मर्यादा होते. मग फेब्रुवारीत एखाद्या जादा खेळाडूला किमान पगारावर घ्यायलाही जागा उरेलच असं नाही. सौदा मांडताना ट्रेडनंतरची एकूण बेरीज करायला लोक विसरतात आणि बहुतेक काल्पनिक ट्रेड इथेच पडतात.

पहिल्या एप्रनच्या वर असाल, तर दिलं तेवढंच किंवा कमी घ्यायचं. दुसऱ्याच्या वर असाल, तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. उलट दिशा चालते : एक मोठा देऊन दोन-तीन छोटे घेता येतात. बोस्टनने ऑक्टोबर २०२३ मध्ये जरू हॉलिडेला आणलं, तेव्हा ब्रॉग्डन आणि रॉबर्ट विल्यम्स यांचे पगार जोडले होते. एकत्र करण्यावरची बंदी पुढच्या उन्हाळ्यापासून लागू झाली. आज दुसऱ्या एप्रनच्या वर बसून तोच सौदा करता येणार नाही.

पिकचं थोडक्यात : सात वर्षांच्या पलीकडचा पिक देता येत नाही, आणि लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीचा एकही पिक हाती राहणार नाही, असा सौदा चालत नाही. म्हणून ‘२०२७ आणि २०२९ चा पिक, २०२८ चा स्वॅप (पिक अदलाबदलीचा हक्क)’ अशी एकाआड एक मांडणी दिसते. आणि घड्याळ : डेडलाइन बहुधा फेब्रुवारीतल्या गुरुवारी, तुमच्याकडे दुपारी ३ वाजता. इथे भारतात तेव्हा शुक्रवार उजाडून रात्रीचा दीड वाजलेला असतो.

प्रश्न (नाशिक) : तिशी ओलांडलेला गार्ड चालेल की नाही, हे टीव्हीसमोर बसून कसं ओळखायचं? पॉइंट्सची सरासरी सोडून काय बघायचं?

उत्तर : पॉइंट्सची सरासरी शेवटी बघा. पहिल्यांदा गेल्या दोन-तीन मोसमांत त्याला फ्री थ्रो किती मिळाले, ते एकाखाली एक लिहा. गार्डचं पहिलं पाऊल मंदावलं की तो रिंगपर्यंत पोचत नाही, अर्ध्यावरून शॉट मारतो आणि फाउल मिळेनासे होतात. सरासरी अजून टिकलेली दिसते, पण हा आकडा आधी घसरतो.

मग कॅच-अँड-शूट थ्री (पास मिळताच, ड्रिबल न करता मारलेले). तुमच्या संघाचा तारा स्वतः बॉल हाताळणारा असेल, तर इथे ३७-३८ टक्क्यांच्या खालचा गार्ड नको. ड्रिबल करून मारलेले थ्री वेगळे काढा, दोन्ही मिसळले की चित्र फसवं होतं.

तिसरं, असिस्ट (बास्केट मिळवून देणारे पास) भागिले टर्नओव्हर (गमावलेले बॉल). तीनच्या वर चांगलं. माइक कॉन्ली २०२३-२४ मध्ये ३६ वर्षांचा होता, सामन्यामागे ५.९ असिस्ट, १.३ टर्नओव्हर, म्हणजे साडेचारच्या आसपास, आणि वर थ्री ४५ टक्क्यांहून जास्त. त्या मोसमात मिनेसोटाने ५६ सामने जिंकले आणि वेस्टची फायनल गाठली.

आणि डिफेन्ससाठी प्लेऑफमधल्या चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं लावा. समोरचा संघ पिक लावायला (बॉलवाल्याच्या डिफेंडरला आडवं यायला; हा ड्राफ्टचा पिक नव्हे) कुणाच्या माणसाला बोलावतो, हे मोजा. दहा पझेशन्सपैकी सहा-सात वेळा तोच गार्ड ओढला जात असेल, तर कोचला शेवटी त्याला बसवावं लागणार. बेंचवर बसणाऱ्या माणसासाठी पहिल्या फेरीचा पिक द्यायचा का, हे मग ठरवा.

कॉन्लीच्या ट्रेडमध्ये अजून एक गोष्ट लपलेली होती. फेब्रुवारी २०२३ च्या त्या तिहेरी सौद्यात वेस्टब्रूक युटाला गेला, रसेल, बीझली आणि व्हँडरबिल्ट लेकर्सकडे आले, कॉन्ली मिनेसोटाला. डी’अँजेलो रसेल तेव्हा २६ वर्षांचा आणि जास्त पॉइंट्स करणारा. ‘पस्तिशीच्या माणसासाठी त्याला का सोडलं’ म्हणून बरीच ओरड झाली. पण रूडी गोबेरला पिकनंतर नेमका कुठे आणि कधी बॉल हवा असतो, हे कॉन्लीला युटामधल्या दिवसांपासून पाठ होतं. शिवाय मिनेसोटाने निकील अलेक्झांडर-वॉकर वरकड म्हणून मागून घेतला आणि पुढे तो त्यांचा महत्त्वाचा विंग (बाजूने खेळणारा) डिफेंडर ठरला. लेकर्सचंही भलंच झालं म्हणा; २-१० ने सुरू झालेला मोसम वेस्टच्या फायनलपर्यंत गेला. चांगल्या ट्रेडमध्ये कुणीतरी हरलंच पाहिजे, असं नसतं.

प्रश्न (कोल्हापूर) : पिक कशाला घालवायचे? मार्चमध्ये बायआउट झालेला (तडजोडीने करारातून मोकळा झालेला) म्हातारा गार्ड फुकट मिळतो ना?

उत्तर : मिळतो, पण तीन अटींवर. १ मार्चच्या आत त्याच्या जुन्या संघाने त्याला सोडलं पाहिजे, नाहीतर तो तुमच्याकडून प्लेऑफ खेळू शकत नाही. पहिल्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला मिड-लेव्हल एक्सेप्शनपेक्षा (कॅपच्या वर असतानाही देता येणाऱ्या मधल्या पगारापेक्षा) जास्त पगार असलेला, मोसमात सोडलेला खेळाडू घेता येत नाही. आणि ट्रेड करून पाठवलेला आपलाच खेळाडू तिकडे सुटला म्हणून लगेच परत आणता येत नाही. लाउरीचंच उदाहरण : जानेवारी २०२४ मध्ये मायामीने त्याला आणि पहिल्या फेरीचा एक पिक देऊन शार्लटकडून टेरी रोझियर घेतला, शार्लटने लाउरीला मोकळं केलं आणि तो आपल्या गावी फिलाडेल्फियाला गेला. फुकटात असा माणूस कधीतरी मिळतो. स्टार्टर हवा असेल, तर बायआउटच्या भरवशावर बसू नका.

प्रश्न (ठाणे) : यानिससारखा मोठा खेळाडू असताना डेमियन लिलार्ड बरा की जरू हॉलिडे? मिलवॉकीने दोन्ही करून पाहिलं, म्हणून विचारतो.

उत्तर : दोन्ही करून पाहिलं, म्हणून उत्तर सोपं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये हॉलिडेसाठी ब्लेडसो, जॉर्ज हिल, पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दोन स्वॅप गेले. किंमत ऐकून लोक हसले होते. १७ जुलै २०२१, फायनलचा पाचवा सामना, मिलवॉकी एका पॉइंटने पुढे, शेवटची काही सेकंदं. डेव्हिन बुकर आत शिरून वळला, तर हॉलिडेने त्याच्या दोन्ही हातांतून बॉल अक्षरशः उपटला. पुढे फक्त बॉल धरून फाउलची वाट पाहायची होती. पण त्याने यानिसला धावताना बघून लॉब (उंच पास) टाकला. डंक, वर फाउल, शेवटी १२३-११९. पुढच्या सामन्यात विजेतेपद.

सप्टेंबर २०२३ मध्ये तोच हॉलिडे देऊन ३३ वर्षांचा लिलार्ड आणला. कागदावर यानिस-लिलार्ड पिक-अँड-रोल (पिक लावून रिंगकडे वळणं) थांबवणं अशक्य होतं. प्रत्यक्षात बाहेरच्या गार्डला अडवणारं कुणी राहिलं नाही आणि दोन्ही वर्षी पहिल्याच फेरीत इंडियानाने बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी लिलार्डची अकिलीस तुटली. जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने त्याला सोडून उरलेले सुमारे ११.३ कोटी पाच वर्षांत विभागले. म्हणजे तो संघात नसताना दरवर्षी सव्वादोन कोटी कॅपवर. हॉलिडे इकडे पोर्टलँडमार्गे बोस्टनला पोचला आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकला.

तरी हॉलिडेच्या बाजूनेही एक खाच आहे. बोस्टनने एप्रिल २०२४ मध्ये त्याला चार वर्षांचे १३.४४ कोटी दिले आणि सव्वा वर्षात एप्रनच्या ओझ्याखाली पोर्टलँडला परत धाडलं. माणूस बरोबर निवडला, तरी करार त्याच्या ३७ व्या वर्षापर्यंत जातो का, हे सही करायच्या आधी बघायचं.