पाच महिन्यांचं बाळ मान धरत नाही, अंग सैल लागतं. हायपोटोनिया कशाकशामुळे होतो?

तुमचं बाळ पाच महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही. काखेत हात घालून उचललं की हातातून निसटतं. डॉक्टरांनी कागदावर 'हायपोटोनिया' एवढाच शब्द लिहून बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आहे. तुमच्या बहिणीचे सांधे लहानपणापासून खूप वळतात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. निदान करणं माझं काम नाही, आणि बाळाला हात न लावता तर ते कुणीच करू नये. पण अशी बाळं वर्षानुवर्षं माझ्या हातांत आली आहेत, त्यामुळे डॉक्टर काय शोधतील आणि ते लवकर शोधणं का गरजेचं आहे, हे मी तुम्हाला नीट सांगू शकते.

हायपोटोनिया हे आजाराचं नाव नाही. कागदावर 'ताप' लिहिलं म्हणजे तापाचं कारण कळलं असं होत नाही, तसंच हे. स्वस्थ पडलेल्या माणसाचा हात आपण उचलून कोपरात वाकवला तर किंचितसा विरोध जाणवतो. स्नायू आराम करतानाही थोडा ताठ असतो, तो ताण म्हणजे टोन. हा ताण टिकवायला मेंदू, मज्जारज्जू, तिथून निघणाऱ्या नसा, नस आणि स्नायू जिथे भेटतात ती जागा आणि खुद्द स्नायू, अशी सगळी साखळी लागते. त्यातली कुठलीही कडी बिघडली तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच: पाय बेडकासारखे बाहेर पडलेले, पोटाखाली हात घालून आडवं उचललं की अंग दोन्हीकडे लोंबणारं, हात धरून बसतं करताना मान मागे राहणारी. (हे शेवटचं घरी करून बघू नका. तपासणाऱ्याला ते कसं आणि कुठवर करायचं हे माहीत असतं.)

आता एक फरक नीट समजून घ्या. सैलपणा वेगळा आणि अशक्तपणा वेगळा. डाउन सिंड्रोमचं बाळ हाताला अगदी मऊ लागतं, पण पायाला गुदगुल्या केल्या की ते पाय झटक्यात वर घेतं. त्याच्यात टोन कमी आहे, जोर आहे. दुसरं एखादं बाळ तितकंच मऊ लागतं, पण त्याचा पाय गादीवरून उचललाच जात नाही, फक्त इकडून तिकडे घसरतो. त्याच्यात जोरच नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. म्हणून तुमचं बाळ जागं आणि खुशीत असताना हातपाय गादीपासून वर, हवेत उचलतं का, एवढं आजच बघा आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात बाळं रडतात नाहीतर झोपतात, तेव्हा घरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

बहुतेक सैल बाळांमध्ये कारण मेंदूच्या बाजूला सापडतं. जन्मताना प्राणवायू कमी पडलेला असणं, मेंदूची घडण वेगळी असणं, गुणसूत्रांतले बदल, चयापचयाचे आजार हे सगळं त्यात आलं. जन्मताना मेंदूला इजा झालेली कितीतरी बाळं पहिले काही महिने सैल असतात आणि पुढे हळूहळू ताठर होत जातात. म्हणून एकदा तपासलं आणि झालं, असं इथे चालत नाही. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि सैलपणा जन्मापासून असतो. प्राडर-विली सिंड्रोम १९५६ साली पहिल्यांदा वर्णिला गेला. त्याचं मूळ १५ व्या गुणसूत्रात आहे. यातलं बाळ जन्मतः इतकं सैल असतं की दूधही ओढत नाही, नळीने भरवावं लागतं, आणि तेच मूल काही वर्षांनी भूक न आवरल्यामुळे अतोनात खायला लागतं. पहिल्या महिन्यांत निदान झालं तर पुढच्या त्या काळाची तयारी आईवडिलांना आधीपासून करता येते.

याच गटात दोन कारणं अशी आहेत जी साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि ज्यांवर उपचार आहेत. ती राहून गेली तर मला फार वाईट वाटतं. एक थायरॉइड जन्मतः कमी असणं. बाळ शांत, झोपाळू, बद्धकोष्ठ असलेलं, जीभ मोठी, बेंबी बाहेर आलेली, कावीळ लांबलेली. घरचे कौतुकाने म्हणतात, "किती गुणी बाळ, रडतच नाही." जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत थायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणारं थायरॉइडचं संप्रेरक, औषध म्हणून सुरू झालं तर बुद्धीची वाढ वाचते. दुसरं बी-१२ ची कमतरता. आईच्या शरीरात हे जीवनसत्त्व कमी असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर चार-सहा महिन्यांच्या सुमारास बाळ सैल पडायला लागतं, हसायचं थांबतं, शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. तुमचं बाळ आधी मान थोडी सावरत होतं आणि आता सोडून दिली, असं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुळात शिकलंच नाही आणि शिकून गमावलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमची स्वतःची बी-१२ पातळीही तपासून घ्या.

आता नसा आणि स्नायूंच्या बाजूची कारणं. इथे मी जरा थांबून सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी एक बाळ माझ्याकडे व्यायामासाठी आलं. सात महिन्यांचं. त्याचे डोळे मी विसरू शकत नाही. खोलीतली एकूण एक गोष्ट टिपत होतं, माझ्याकडे बघून हसत होतं, आणि मानेखालचं अंग जवळजवळ निश्चल. श्वास घेताना पोट वर यायचं आणि छाती आत जायची. गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय हलला नाही. जीभ तोंडात पडल्यापडल्या बारीक थरथरत होती. आईला तीन महिने सगळीकडून एकच उत्तर मिळत होतं, की काही मुलं उशिरा मान धरतात, वाट बघा. तो स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए निघाला.

एसएमएमध्ये मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. मेंदू शाबूत असतो, म्हणून नजर इतकी तल्लख. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा होतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, आणि वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो. त्यामुळे 'आमच्या घरात कुणाला असं नाही' याने तो आजार नाकारता येत नाही. १९९५ साली याचं जनुक सापडलं, एसएमएन-१. रक्ताच्या एका जनुकीय तपासणीत बहुतेक रुग्णांचं निदान होतं, स्नायूचा तुकडा काढायची गरज पडत नाही. २०१६ पर्यंत यावर औषध नव्हतं. त्या वर्षाच्या अखेरीला अमेरिकेत पाठीच्या कण्यात टोचायच्या नुसिनर्सेनला मान्यता मिळाली, २०१९ मध्ये एकदाच द्यायची जनुकोपचाराची मात्रा आली, २०२० मध्ये तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम आलं. मेलेली पेशी यातलं कुठलंच औषध परत आणत नाही, उरलेल्या वाचवतं. लक्षणं दिसण्याआधी उपचार मिळालेली बाळं पुढे बसतात, त्यातली अनेक चालतात. म्हणून बाळाच्या अंगात जोर नाही आणि गुडघ्याचा रिफ्लेक्स (हातोडी मारली की पाय आपोआप उडणं) मिळत नाही, अशी जोडी दिसली तर दोन महिन्यांनी परत या, हे उत्तर घेऊन घरी जाऊ नका. त्याच आठवड्यात एसएमएची तपासणी मागा. मी हे घाबरवायला लिहीत नाही. बहुतेक सैल बाळांना एसएमए नसतो, पण नाही हे कळणंही तितकंच मोलाचं आहे.

बाकीची कारणं थोडक्यात. पॉम्पे आजारात स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साठत जातं आणि हृदय मोठं होतं, म्हणून सैल बाळाचा छातीचा एक्स-रे किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला तर तो उगाच नसतो. कमी पडणारं एन्झाइम शिरेतून देण्याचा उपचार २००६ पासून आहे. नस आणि स्नायू भेटतात त्या जागेचे जन्मजात मायस्थेनिक आजार असतात, त्यांत पापण्या जड होतात आणि थकव्यासोबत सैलपणा वाढतो. बाळ कालपर्यंत ठीक होतं, आधी शी होईना, मग पापण्या जडावल्या, रडणं बारीक झालं, दूध ओढेना, मग मान गेली, असा वरून खाली उतरणारा लुळेपणा दिसला तर तो बॉट्युलिझम असू शकतो. त्या जिवाणूचे बीजाणू मधातून बाळाच्या आतड्यात जाऊ शकतात. एक वर्षाच्या आत मधाचं बोटही चाटवू नये, हे त्याचसाठी. आणि एक गंमतशीर वाटेल अशी तपासणी: डॉक्टर तुमच्याशीच घट्ट हस्तांदोलन करतील आणि पटकन हात सोडायला सांगतील. मायोटोनिक डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार. ती बाळाला बहुतांशी आईकडून येते, आईला आपल्याला ती आहे हे ठाऊकही नसतं, पण तिची मूठ लवकर उघडत नाही. ते तुमचा हात का धरून बसलेत असं वाटलं तर हे कारण.

आता बहिणीचे सांधे. सैलपणा स्नायूंतच असतो असं नाही. हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध, त्वचा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, श्वासनळीचं कूर्च हे सगळं कोलॅजन, इलॅस्टिन, फायब्रिलिन अशा धाग्यांवर उभं आहे. धागा कच्चा विणला गेला की तो भाग ढिला पडतो. अशा कच्च्या धाग्यांच्या आजारांपैकी एहलर्स-डॅनलॉस हा एक आजार नसून घराणं आहे. २०१७ च्या वर्गीकरणात त्याचे १३ प्रकार धरलेत. सांध्यांची लवचीकता मोजायला ९ गुणांची बायटन चाचणी आहे: करंगळी मागे किती वळते, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघे उलटे जातात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात का. नुसते सांधे वळतात आणि दुखत-निखळत नाहीत, तर तो आजार नव्हे, कितीतरी निरोगी माणसं अशी असतात. पण बहिणीची त्वचा पातळ, आतल्या शिरा दिसणारी असेल, जरा लागलं की काळंनिळं होत असेल, किंवा घरात कुणाची मोठी रक्तवाहिनी तरुण वयात अचानक फाटली असेल, तर तिने जनुकतज्ज्ञांना दाखवावंच. त्यातला रक्तवाहिन्यांचा प्रकार जिवावरचा असतो. मार्फान सिंड्रोम या धाग्यांच्याच दुसऱ्या आजारातही महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, रुंद होते, तिथे लांब बोटं, उंच अंगकाठी, डोळ्यातलं भिंग सरकणं या खुणा असतात.

बाळाशी संबंध असू शकतो का? असू शकतो, पण त्यासाठी बहिणीपेक्षा तुमचे आणि बाळाच्या वडिलांचे सांधे जास्त सांगतील. आणि फक्त अस्थिबंध ढिले असलेलं बाळ उशिरा चालतं, पाय सपाट टाकतं, 'डब्ल्यू'सारखं बसतं, तरी त्याच्या अंगात जोर असतो, रिफ्लेक्स मिळतो आणि मान सहसा इतकी मागे राहत नाही. "मावशीवर गेलंय" म्हणून तपासणी थांबवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

तपासण्या होईपर्यंत घरी काय? उचलताना मान आणि बूड, दोन्हींना हात द्या. काखेतून किंवा हात ओढून उचलू नका, खांदे सहज निखळतात. जागं असताना तुमच्या छातीवर पालथं घेऊन तुम्ही मागे रेलून बसा. एक-दोन मिनिटंच, पण दिवसातून पुष्कळदा. झोपवताना मात्र पाठीवरच. पाय सारखे फाकलेले राहत असतील तर गुंडाळलेल्या टॉवेलने दोन्ही बाजूंनी आधार द्या आणि खुब्याचे सांधे एकदा तपासून घ्या. वॉकर नको. व्यायामाने बाळाला ताकद वापरायला शिकवता येतं, पण कारण शोधायची जागा व्यायाम घेऊ शकत नाही. हे मी व्यायाम शिकवणारी सांगते आहे.

दूध पिताना ठसका लागतो, ओठ निळसर होतात, श्वासाला छाती आत ओढली जाते, रडण्याचा आवाज बारीक होत चाललाय, किंवा तापासोबत बाळ अचानक आणखी सैल पडून डोळे उघडेनासं झालं, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. तेव्हाच इमर्जन्सीत जा.

तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीये, म्हणून विचारते: पाठवणाऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली होती का, आणि पाय उडाला का? आणि बाळ पाय हवेत उचलतं का? दोन्ही उत्तरं खाली लिहा. तज्ज्ञांची तारीख किती लांबची आहे तेही सांगा, म्हणजे ती अलीकडे आणायला कोणत्या शब्दांत मागायचं ते सांगते.