भीड भिकेची बहीण

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपड्याकडचं गाव, घरची केळी, हाती पंधरा लाख, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. दुबईत कंपनी काढून आपल्या भागातली केळी इथं विकायची आहे. लायसन्स आणि व्हिसाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत ते बरं केलंत. ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि सारखं बदलतं. तुम्ही विचारलंत, ‘तिथं धंद्यात कसल्या स्वभावाचा माणूस टिकतो? आणि एकटेपणा वाटतो का?’ याचं उत्तर द्यायला बसलो आणि स्वतःबद्दलच बऱ्याच गोष्टी वर आल्या. त्या शक्य तितक्या बाजूला ठेवून लिहितो.

आधी भीड. आपल्याकडे भिडस्त माणसाला भला माणूस म्हणतात. समोरच्याला पैसे मागताना मान खाली जाते आणि ‘बघा, जमेल तसं द्या’ हे वाक्य आपोआप तोंडातून येतं. गावात ते चालतं, कारण समोरच्याचं शेत, घर, सोयरीक सगळं आपल्याला ठाऊक असतं. इथल्या अल अवीरच्या भाजी-फळ बाजारात समोरच्याचा फक्त फोन नंबर ठाऊक असतो.

हिशोब करून बघा. ४० फुटी रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरात १३ किलोच्या साधारण १,५४० पेट्या बसतात, म्हणजे वीस टन माल. शेतात किलोला २० रुपये धरले तरी नुसत्या केळीचे चार लाख झाले. पेटी, मजुरी, जहाजाचं भाडं वेगळं. गिऱ्हाईक ६० दिवसांची उधारी मागतं आणि पुढच्या तारखेचा चेक देतं. तुम्ही आठवड्याला एक कंटेनर आणलात, तर पहिल्याचे पैसे हातात पडेपर्यंत आठ-नऊ कंटेनर बाजारात गेलेले असतात. केळीचेच बत्तीस लाख अडकले. तुमच्याकडे पंधरा आहेत. धंदा नफ्यात असूनही माणूस बुडतो तो असा. आणि एका गिऱ्हाइकाला ‘अजून महिनाभर थांबतो’ म्हणालात की त्याच्याकडे आणखी चार कंटेनरांचे पैसे राहतात.

म्हणून नव्या माणसाला पहिले दोन व्यवहार रोखीनं, तेही दोनशे पेट्यांच्या वर नाही. उधारी द्यायची वेळ आली की ट्रेड लायसन्सची प्रत घ्या. चेकवर सही करणाऱ्याला कंपनीतर्फे सहीचा अधिकार आहे का ते बघा आणि त्याचा एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, ताडून पाहा. उधारीची मर्यादा आकड्यात लिहून ठेवा आणि तीन चेक वटल्याशिवाय ती वाढवू नका. चेकच्या तारखेआधी दोन दिवस फोन करा. जुना चेक परत आलेला असताना नवा माल उतरवू नका, समोरचा कितीही चहा पाजो. ‘चेक परत आला की पोलीस उचलतात’ ही जुनी माहिती आहे. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे कमी असल्यानं चेक परत जाणं हा सहसा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. खात्यात जेवढे असतील तेवढे बँक देते, उरलेल्यासाठी थेट अंमलबजावणीच्या न्यायालयात जाता येतं. फसवणुकीची प्रकरणं वेगळी. वसुली होते, पण तोवर तुमच्या शेतकऱ्यांचे पैसे कोण देणार?

हे सगळं कोरडेपणानं, आवाज न चढवता, हसत मागता आलं पाहिजे. मला ते आजही पूर्ण जमत नाही.

दुसरा गुण दिसायला अगदी कंटाळवाणा आहे, तो म्हणजे चिकाटीनं बारीकसारीक बघणं. मानसशास्त्रवाल्यांनी उद्योजकांच्या स्वभावावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नोकरीतल्या व्यवस्थापकांपेक्षा उद्योजक ज्या गुणांत उजवे ठरले त्यांत नेमकेपणा आणि जबाबदारी ठळक होती. गप्पिष्टपणात फरक दिसला नाही. केळीत हे लगेच कळतं. कंटेनरचं तापमान १३ ते १४ अंश लागतं. १३ च्या खाली गेलं की फळ आतून थंडी खातं, पिकताना पिवळं होत नाही, मळकट राखाडी होतं, आणि हे दिसतं माल विकून झाल्यावर. म्हणून तापमान नोंदवणारं यंत्र मालाच्या मध्यभागी ठेवा, पंख्यासमोर नाही. दार उघडताना सील, तापमानाचा आकडा आणि पहिल्या रांगेचे फोटो काढा, पेट्या हलवण्याआधी. घड ७५ ते ८० टक्के भरलेला असतानाच पहाटे कापा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी कापलेला घड थंड व्हायला फार वेळ घेतो. फण्या वेगळ्या केल्यावर चीक तुरटीच्या पाण्यात नीट धुवा, नाहीतर डाग राहतात आणि इथला खरेदीदार डागावरून भाव पाडतो. पिकवताना इथिलीन हा फळ पिकवणारा वायू १०० ते १५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग), २४ तास, १६ ते १८ अंशांवर. मग खोली उघडून हवा बदलायची, कारण साठलेला कार्बन डायऑक्साइड पिकणं अडवतो. यात कुठेही हुशारी लागत नाही. रोज तेच तितक्याच नेटानं करावं लागतं, आणि नेमकं तेच बहुतेकांना जमत नाही.

धाडसाबद्दल आपल्याकडे फार गोड गैरसमज आहेत. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना यशाच्या ओढीचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यांच्या अभ्यासात रिंग फेकण्याचा एक खेळ असायचा, खुंटीपासून किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही अगदी जवळ उभे राहत, काही उगाच लांबून फेकत. यशाची ओढ ज्यांना खरी होती ते मधल्या अंतरावर उभे राहत, जिथून नेम लागायची शक्यता होती पण खात्री नव्हती. धंद्यात उभं राहायची जागा ती. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की येण्याआधी कागदावर एक आकडा लिहा. एवढे गेले तरी घर चालेल, केळीचं पुढचं पीक उभं राहील. समजा सहा लाख. तेवढे गेले की परत फिरायचं. तो कागद बायकोकडे ठेवा, तुमच्याकडे नको. शेत गहाण टाकून येणार असाल तर येऊच नका, हे मी स्पष्ट सांगतो.

मालाचा लळा नसणं हाही गुणच. केळी आपली म्हणून केळीच विकायची असं नाही. जळगावच्या भवरलाल जैनांनी १९७८ मध्ये केळीची भुकटी करण्याचा जुना कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम बनवायला घेतलं. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तूप आणि तेलाची जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तुम्हालाही इथं आल्यावर कळेल की केळीत फिलिपिन्स आणि इक्वेडोरचा माल कंबरडं मोडतो. तेव्हा ‘आपली केळी चवीला सरस’ हा अभिमान बाजूला ठेवून शेवग्याकडे किंवा भेंडीकडे वळता आलं पाहिजे.

गोड बोलणं, ओळखी काढणं यांनी पहिली ऑर्डर मिळते. तेवढंच.

वाईट बातमी त्याच दिवशी सांगता येणं मात्र मोठा गुण. जहाज दोन दिवस उशिरा आहे, माल पिवळा पडतोय, हे गिऱ्हाइकाला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. आपण ‘होऊन जाईल’ म्हणून गप्प बसतो. त्या गप्प बसण्याची किंमत भावात मोजली जाते.

एकटेपणा विचारलात. असतो. शुक्रवारी दुपारनंतर जास्त. पुढे जाऊ.

कागदांचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथंही गोष्ट स्वभावावरच येते. आपल्या नावात वडिलांचं नाव मध्ये असतं, बायकोच्या नावात लग्नानंतर नवऱ्याचं येतं, आणि दाखल्यावर, आधारवर, पासपोर्टवर तीन वेगळी स्पेलिंगं असतात. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर ती आधी भरून घ्या, नुसतं एक नाव असलेला पासपोर्ट इथं अडतो. विवाह आणि पदवीच्या प्रमाणपत्रांना इथं अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, चालत नाही. राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग भारतातली यूएईची वकिलात, आणि इथं आल्यावर पुन्हा इथलं परराष्ट्र खातं, अशी रांग आहे. एका अक्षराच्या फरकानं सगळी रांग पहिल्यापासून.

आणि शाळा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, अरबी विषय घ्यावाच लागतो, मराठी बहुतेक ठिकाणी नसते. माझ्या मुलाला एक इयत्ता मागे बसवलं, दाखल्यावरच्या एका सहीवरून. खिडकीतल्या बाईंनी ‘नाही चालणार’ म्हटलं आणि मी ‘ठीक आहे’ म्हणून उठलो. नियम दाखवा, वरिष्ठांना भेटू द्या, मुदत द्या, यातलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. बाजारात चेकसाठी तासभर हुज्जत घालणारा मी, पोराच्या वर्षासाठी दोन मिनिटं बसलो नाही. मुलगा आता मोठा आहे, त्याला काही वाटत नाही म्हणतो. आजीशी फोनवर हिंदीत बोलतो. आजी अहिराणीत उत्तर देते, आणि मधे मी.

तुम्ही एकदम बिऱ्हाड घेऊन येऊ नका. आधी ६० दिवसांच्या व्हिसावर एकटे या. रोज पहाटे बाजारात उभे राहा, कुणाला काही विकू नका, फक्त कोण कुणाला उधार देतं आणि कोण नाही म्हणतं ते वहीत लिहा. जमतंय असं वाटलं तर कुटुंबाचं बघा. आणि मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी जळगावहून निघण्याआधी घ्या. इथून ती मिळत नाही.