कळा देऊन झाल्यावर शेवटी सिझर केलं तर धोका जास्त असतो का? मग आधीच का करून घेऊ नये?

धोका जास्त असतो, हो. पण ‘एवढं सोसलं, आता कापायचं कशाला असं सासरचे म्हणतात’ हे तुम्ही लिहिलंत, म्हणून उत्तर देतेय.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, चोपड्याला. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण 10 सेंटीमीटर उघडलं, जोर लावून डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बाळाचं तोंड वरच्या बाजूला, डोकं खाली सरकेना. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तशा डॉक्टरबाई म्हणाल्या, सिझर. बाहेर नणंदबाई अडून बसल्या, ‘पैशासाठी कापतात, अजून थांबा.’ नवरा कागद धरून नुसता उभा. शेवटी माय आत आली, म्हणाली, तूच कर सही. कळेतच केली. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, हे खानदेशात घराघरात सांगायला हवं.

इतक्या उशिरा बाळाचं डोकं कटीत, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीत, घट्ट रुतलेलं असतं. काढताना गर्भपिशवीचा काप बाजूला फाटू शकतो, रक्त जास्त जातं, लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते. माझं बाळ पटवर्धन पद्धतीनं काढलं: आधी खांदे, मग धड, पाय, शेवटी डोकं. 1957 साली आपल्याकडच्याच डॉक्टरांनी ती मांडली. मला रक्त चढवावं लागलं, लघवीची नळीही बरेच दिवस होती. पण अडलेल्या बाळंतिणीला तसंच ठेवलं तर बाळ गुदमरतं, गर्भपिशवी फाटू शकते, नाहीतर लघवीच्या वाटेला भोक पडून ती सतत गळत राहते. त्यापुढे टाके काहीच नाहीत.

नणंदबाई आजही लग्नाकार्यात म्हणतात, ‘तिनी जोरच लावा नही.’ बाळ वाकडं अडकलं तर कितीही जोर लावून उपयोग नसतो! ज्यांनी सही अडवली त्यांनी जोराचं बोलू नये.

आधीच का नाही? कुणाचं अडेल ते आधी नक्की कळत नाही, आणि बहुतेकींचं नॉर्मल होतं. डोकं पुरेसं खाली आलं असेल तर चिमटा किंवा व्हॅक्यूम लावूनही सुटका होते, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मी डॉक्टर नाही. एक मात्र कराच, तोंड पूर्ण उघडल्यावर सिझर झालं असेल तर तसं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुढच्या खेपेला दिवस भरायच्या आत बाळंत होण्याची शक्यता थोडी वाढते, तेव्हा पहिल्याच तपासणीत ते कार्ड दाखवा.