मानेच्या एमआरआयमध्ये मणक्याच्या हाडात गॅस भरलेली पोकळी दिसली आहे. ऑपरेशन करावं लागेल का?

नाही. ऑपरेशन नाही, बायोप्सी नाही, गोळीसुद्धा नाही. हिला न्युमॅटोसिस्ट म्हणतात आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये सापडते. एवढं सांगून थांबलो असतो, पण "घरचे म्हणतात गाठच आहे, मुंबईला दाखव" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

मी सीटी टेक्निशियन आहे, मिरजेत. सासूबाईंच्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या म्हणून मानेचा एमआरआय केला. रिपोर्टमध्ये सी-६ म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्यात काळा ठिपका, पुढे प्रश्नचिन्ह लावून दोन-तीन शक्यता, आणि शेवटी सरळ लिहिलेलं की सीटी करून खात्री करावी. ही शेवटची ओळ कुणी वाचलीच नाही. माझे मोठे साडू औषधांचे स्टॉकिस्ट. निम्मे डॉक्टर ओळखीचे, त्यामुळे आमच्याकडे आजारपणात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी 'लीजन' (म्हणजे नुसता बिघाड झालेला भाग) एवढंच वाचलं, रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कॅन्सर झालेला होता. पुण्याला कॅन्सर शोधायचा पेट स्कॅन, मग बायोप्सी, सर्जनसुद्धा ठरला. मी म्हटलं, आधी साधा सीटी करून बघू. तर म्हणाले, "तुम्ही बटणं दाबता हो, निदान डॉक्टरांना करू द्या."

आता बटणं दाबणाऱ्याचं ऐका. एमआरआयला सिग्नल मिळतो तो पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून. पोकळीत दोन्ही नाही, म्हणून ती एमआरआयच्या सगळ्या सिक्वेन्सवर, म्हणजे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या चित्रांवर, काळी. पण घट्ट झालेलं हाडही काळंच दिसतं, आणि काही कॅन्सर पसरले की हाड असंच घट्ट करतात. म्हणून एमआरआयवरून भांडण मिटत नाही. सीटीवर मात्र घट्ट हाड पांढरंफेक आणि गॅस काळाकुट्ट.

बायकोने डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली आणि स्कॅन आमच्याच सेंटरला झाला. एक मिलिमीटरचे काप घेतले. नेहमीच्या विंडोवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छटांच्या सेटिंगवर, चरबी आणि हवा दोन्ही काळ्या दिसतात, म्हणून विंडो रुंद केली. चरबी राखाडी झाली, ठिपका काळाच राहिला. मग स्क्रीनवर ठिपक्याच्या आत घनता मोजायचा बारीक गोल टाकला, कडेच्या हाडाला न लागेल असा, कारण हाड आत आलं की सरासरी फसवते. आकडा आला उणे ७०० च्याही खाली. पाणी शून्य, चरबी उणे १०० च्या आसपास, हवा उणे १०००. भोवती पेन्सिलने काढल्यासारखी पातळ पांढरी कड, आणि खालच्या चकतीतही (दोन मणक्यांमधल्या गादीत) गॅसची काळी रेघ. आमच्या रेडिऑलॉजिस्ट सरांनी उभ्या उभ्याच पाहिलं. "न्युमॅटोसिस्ट. सोडून द्या."

हे आकडे ज्यांच्या नावाने मोजतात ते हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. डॉक्टर नव्हते. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. साडूंच्या कानावर हे घातलेलं आहे.

मुंग्यांचं कारण वेगळंच निघालं: वाढलेल्या हाडाने शेजारची नस दाबली होती. फिजिओथेरपीने पुष्कळ फरक पडला. तुमचीही मान दुखत असेल तर दोष या पोकळीला देऊ नका, कारण दुसरीकडे शोधा.

गॅस येतो कुठून? झिजलेल्या चकतीत जो गॅस साठतो त्यात ९० टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन असतो. तोच चिरेतून हाडात शिरतो असं एक मत आहे, पण यावर एकमत नाही. कमरेखाली सेक्रोइलियाक सांध्यालगतच्या (कणा आणि कमरेचं हाड जिथे जुळतात तिथल्या) हाडात हे जास्त सापडतं, मानेत कमी, म्हणून मानेत दिसलं की लोक जास्त घाबरतात. पोटातल्या गॅसशी याचा काडीचा संबंध नाही, ओवा खाऊन जाणार नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण साडू आता गणपतीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की त्यांनी आणून दिलेल्या काढ्याने गाठ विरघळली. नंतरच्या सीटीत ती होती तिथेच आणि होती तेवढीच होती, दोन्ही फिल्म घरात आहेत. या पोकळ्या बहुधा तशाच राहतात. क्वचित वाढतात किंवा त्यात द्रव भरतो, मग त्या वेगळ्या दिसतात आणि गोंधळ होतो.

हो, एक राहिलं. मी डॉक्टर नाही, तुमचा स्कॅन पाहिलेला नाही. सीटी झाला नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. ताप असेल, वजन उतरत असेल, आधी कॅन्सर होऊन गेला असेल, मणक्याचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर वर लिहिलेलं विसरा आणि लगेच दाखवा. डायबेटीस आणि ताप एकत्र असेल तर विशेष. जंतुसंसर्गानेही हाडात गॅस होतो, पण त्यात बारीक बुडबुडे विखुरलेले असतात, अशी स्वच्छ कड नसते. म्हाताऱ्या माणसाचा मणका खचून आत गॅसची फट दिसली तर तेही वेगळं प्रकरण.

आणि सीडी जपून ठेवा, पुढे कधी स्कॅन झाला तर तुलनेला लागते. सासूबाईंच्या एमआरआयची सीडी अजून साडूंकडेच आहे. मागितली की "शोधतो" म्हणतात.