कीबोर्डला पेन ड्राईव्ह कुठला घ्यावा, आणि स्टाईल-रजिस्ट्रेशन त्यात कसे लावून ठेवावेत?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड यामाहा पीएसआर एस६७० कीबोर्ड घेतलाय, चोपडा-अमळनेरकडे हळदी, भजनं, ऑर्केस्ट्रा असं सगळं वाजवता, दुकानदार ६४ जीबीचा पेन ड्राईव्ह घ्या म्हणतोय, आणि घरी बरोबर लागणारं रजिस्ट्रेशन (एका बटणात सेव्ह केलेली आवाज-तालाची सेटिंग) कार्यक्रमात दाबलं की आवाज बदलतो पण ताल बदलत नाही. मी धुळ्याकडचा, माझंही हेच काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

६४ घेऊ नका. ८ किंवा १६ जीबी खूप झालं, ३२ च्या वर तर जाऊच नका. एक मिडी फाईल (त्यात आवाज नसतो, फक्त सुरांच्या सूचना) काही केबीची असते, स्टाईल म्हणजे ताल-साथीची फाईलसुद्धा तशीच लहान, म्हणजे हजारो स्टाईल भरल्या तरी १ जीबी भरत नाही. जागा खातं ते फक्त ऑडिओ रेकॉर्डिंग, साध्या वेव्ह फाईलला मिनिटाला १० एमबी लागतात, त्या हिशोबाने ८ जीबीत बारा तासांच्या वर रेकॉर्डिंग मावतं. आणि ६४ चा ड्राईव्ह दुकानातून बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटमधे (फॉरमॅट म्हणजे ड्राईव्हवर फाईली मांडायची पद्धत) येतो, आपले हे कीबोर्ड फॅट३२ वाचतात, मग लावला की कीबोर्ड ओळखतच नाही आणि माणूस समजतो पोर्ट गेलं. कुठलाही नवीन ड्राईव्ह आणला की आधी कीबोर्डमधेच फॉरमॅट करायचा, कॉम्प्युटरवर नाही, अर्धे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

कंपनीचा घ्या, बिल घ्या. बाजारात स्वस्तातले जे असतात त्यातले कित्येक वरून ३२ लिहिलेले आणि आत ४ जीबीची चिप असलेले असतात, तेवढी जागा भरेपर्यंत सगळं बरोबर दिसतं, नंतर कॉपी झाली असं दाखवतो पण फाईल उघडत नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राईव्ह भरून परत वाचून बघतं, नवीन ड्राईव्हवर एकदा चालवून घ्याच. मोबाईलला पण लागतात ते फिरत्या झाकणाचे दुतोंडी ड्राईव्ह आणि अडॅप्टरमधे घातलेलं मेमरी कार्ड स्टेजसाठी नको, ट्रॉलीत धक्के खाऊन सांधा ढिला होतो. लांब दांड्याचा पण नको. मागे पोर्टला बोटभर लांब ड्राईव्ह तसाच ठेवून कीबोर्ड बॅगेत सरकवला, बॅग उभी केली की सगळा भार त्या दांड्यावर येतो, ड्राईव्ह मोडला तर मोडला, पण पोर्टच आतून हललं तर खर्च आहे. बुटका घ्या आणि पॅक करताना काढून घ्या.

आता तुमचं खरं दुखणं. रजिस्ट्रेशनमधे स्टाईल नसते भो, स्टाईलचा फक्त पत्ता असतो. तुम्ही बटण सेव्ह करता तेव्हा कीबोर्ड लिहून ठेवतो की यूएसबीत अमुक फोल्डरमधे तमुक नावाची स्टाईल. उद्या तुम्ही ती फाईल दुसऱ्या फोल्डरमधे टाकली, नाहीतर 'हळदी' फोल्डरचं 'हळदी नवीन' केलं, की पोस्टमन जुन्या घरी जाऊन परत येतो. आवाज कीबोर्डच्या आतले असतात म्हणून ते बदलतात, आणि ताल आधीचाच वाजत राहतो. तुम्ही जे लिहिलंय ते तंतोतंत हेच आहे, कीबोर्ड खराब नाहीये. तुम्ही मधे कधीतरी फोल्डर आवरले असतील नाहीतर दुसरा ड्राईव्ह लावला असेल ज्यात मांडणी वेगळी आहे. (ज्या मॉडेलला दोन पोर्ट असतात तिथे एकच ड्राईव्ह लावायचा, कारण पत्त्यात पहिला की दुसरा हे पण येतं.)

म्हणून मांडणी एकदाच करायची आणि मग तिला हात लावायचा नाही. मी दोन मोठे फोल्डर ठेवतो. एक स्टाईलचा, त्यात तालाप्रमाणे भाग, केरवा, दादरा, सहा-आठचा ठेका, संबळ, भजनी ठेका. हे फोल्डर कार्यक्रमाप्रमाणे करायचे नाहीत, कारण तोच केरवा भजनाला पण लागतो आणि ऑर्केस्ट्राला पण, मग एकच फाईल चार ठिकाणी कॉपी होते आणि एकीत टेम्पो बदलला की बाकीच्या तीन जुन्याच राहतात. दुसरा फोल्डर रजिस्ट्रेशनचा, तो मात्र कार्यक्रमाप्रमाणे, हळदी, लग्न, भजन, कानबाई (आपल्या खानदेशातली देवी), अखाजीची म्हणजे अक्षय तृतीयेची गाणी, गणपती-नवरात्र. श्रावणात कानबाईच्या रातीला बाया एकामागून एक गाणी धरतात, तिथे तुम्हाला शोधायला कोणी वेळ देत नाही.

एस६७० च्या स्क्रीनवर एका पानावर दहाच नावं दिसतात, ए ते जे बटणांसमोर. हे लक्षात ठेवून फोल्डर भरा, दहात बसवा, फार तर वीस. तिसऱ्या पानावर गेलेली स्टाईल स्टेजवर सापडत नाही. नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी, मराठीत टाईप केलेलं नाव कीबोर्डवर नीट दिसत नाही. पुढे आकडा लावायचा तर ०१, ०२ असा, नुसता १, २ लावला की १ च्या मागे १० येऊन बसतो. आणि बँकेच्या (आठ बटणांच्या रजिस्ट्रेशनची एक फाईल म्हणजे बँक) नावात पट्टी लिहाच, काळी दोन, काळी पाच, कारण तेच गाणं ताई गाणार का दादा यावर पट्टी बदलते, ट्रान्सपोज म्हणजे पट्टी वरखाली करायची सेटिंग रजिस्ट्रेशनमधे सेव्ह होते पण दोन बँका सारख्याच नावाच्या दिसल्या तर उपयोग काय.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून येणाऱ्या स्टाईलचे गठ्ठे सरळ मेन फोल्डरमधे टाकायचे नाहीत. 'कच्चा' नावाचा वेगळा फोल्डर करा, घरी वाजवून बघा, इंट्रो, फिल, एंडिंग सगळं ऐका, जी पटली तीच पुढे जाऊ द्या, बाकी उडवा. शंभर चांगल्या स्टाईल हाताखाली असणं हे पाच हजार न ऐकलेल्या असण्यापेक्षा कितीतरी बरं. ज्या दहा-बारा स्टाईलशिवाय तुमचा कार्यक्रमच होत नाही त्या युजर मेमरीत म्हणजे कीबोर्डच्या आतल्या जागेत ठेवा आणि त्यांची रजिस्ट्रेशन तिथूनच सेव्ह करा, ड्राईव्ह नाही लागला तरी हळदीचा कार्यक्रम निभावून जातो.

स्टेजवर सेव्ह करायचं नाही. आपल्याकडे लाईट जाते, जनरेटरवर घेतात, त्या क्षणात कीबोर्ड बंद होऊन चालू होतो, आणि नेमकं तेव्हा ड्राईव्हवर लिहिणं चालू असेल तर एक फाईल नाही, कधीकधी पूर्ण ड्राईव्ह वाचेनासा होतो. छोटा यूपीएस असेल तर उत्तमच. ऑटो पॉवर ऑफ पण बंद करून टाका, तो ३० मिनिटांवर सेट असतो, पाहुण्यांची भाषणं लांबली की कीबोर्ड आपोआप बंद होतो आणि सेव्ह न केलेलं जातं.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ पर्यंत जातो, बंद गाडीत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, तिथे ड्राईव्ह ठेवू नका. आतल्या चिपमधे डेटा म्हणजे साठवलेला चार्जच असतो, उष्णतेत तो लवकर गळतो. खिशात ठेवा.

कार्यक्रमाचा ड्राईव्ह मोबाईलच्या दुकानात गाणी भरायला द्यायचा नाही, घरातल्या पोरांना सिनेमे कॉपी करायला पण नाही. शॉर्टकटवाला व्हायरस कीबोर्डला काही करत नाही पण तुमचे फोल्डर लपवून ठेवतो.

एकाच कंपनीचे दोन सारखे ड्राईव्ह घ्या. पहिला पक्का झाला की कॉम्प्युटरवर पूर्ण कॉपी काढा, फोल्डरची नावं जशीच्या तशी ठेवून दुसऱ्यात उतरवा, पत्ते तेच राहिल्यामुळे रजिस्ट्रेशन दुसऱ्यावरून पण बरोबर चालतात. युजर मेमरीसाठी कीबोर्डमधला बॅकअप काढा, ती फाईल पण कॉम्प्युटरवर ठेवा. नवीन काही टाकलं की दोन्हीत टाका. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, त्याच्या आधी दुसरा ड्राईव्ह लावून प्रत्येक बँकेची आठही बटणं एकदा दाबून बघा, आणि तो ढोलकीवाल्याच्या बॅगेत ठेवायला द्या, तुमच्या बॅगेत नको.