जाडी बदलली की भोकं का सरकतात?

प्रश्न : पेटीचं त्रिमितीय मॉडेल केलंय. भिंतीची जाडी २ मिमीची ३ केली की भोकं सरकतात, फिलेट (गोल केलेल्या कडा) लाल होतात, म्हणजे त्रुटी दाखवतात. दर वेळी नव्याने काढायचं का?

उत्तर : अजिबात नको, आधी फीचर-ट्री (मॉडेल ज्या पायऱ्यांनी, म्हणजे फीचरांनी, बनलं त्यांची यादी) उघडा. माझा अंदाज, भोकांचं स्केच (सपाट रेखाटन) पेटीच्या पृष्ठभागावर आहे आणि मापं कडांपासून घेतलीत. सॉफ्टवेअर कडांना आतून क्रमांक देतं. आकार बदलला की हे क्रमांक बदलू शकतात आणि भोक भलत्याच कडेला चिकटतं. (फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरचं हे जुनं दुखणं २०२४च्या १.० आवृत्तीत बरंच आटोक्यात आलं.) म्हणून स्केच मूळ प्रतलावर (XY, XZ, YZ) किंवा स्वतः आखलेल्या डेटम (संदर्भ) प्रतलावर काढा, मापं आणि बंधनं देऊन पूर्ण बांधा. फिलेट सगळ्यात शेवटी. याबाबत मी हट्टी आहे: फिलेटच्या कडेवरून माप घेतलेलं मॉडेल मी तपासायलाही घेत नाही.

जाडी, लांबी, व्यास यांना नावं द्या. भोकाचं अंतर नुसतं '१२' न लिहिता 'जाडी + १०' लिहा. एकसारखी भोकं पॅटर्नने (एकाच भोकाच्या आपोआप प्रती काढून) करा. मग जाडी १ आणि ६ टाकून पाहा. ट्रीमध्ये सर्वांत वर जे फीचर मोडलेलं दिसेल, दुरुस्ती तिथून सुरू करा. खालचे बरेचसे लाल आपोआप जातात.